डाव्या वळणात बूट घासतो, उजव्यात नाही: पायाची जागा पुन्हा पुन्हा का बिघडते

तक्रार साधी आहे. मोटरसायकलवर डावं वळण घेताना बुटाचं टोक रस्त्याला घासतं. गाडी काही फार कललेली नसते, पेग, म्हणजे पाय ठेवायचा दांडा, अजून जमिनीपासून चांगला वर असतो, तरी खालून ‘खर्र’ असा आवाज येतो, पाय मागे ओढला जातो आणि दचकून आपण रेस सोडून देतो. उजव्या वळणात असलं काही होत नाही. मग कुणीतरी सांगतं, ‘अरे, चवडा पेगवर ठेव.’ आपण ठेवतो. दोन-चार दिवस छान जातात आणि पाचव्या दिवशी पुन्हा तोच आवाज.

मी या चक्रात जवळपास दोन वर्षं फिरलो. दर वेळी वाटायचं, सुटला एकदाचा प्रश्न. प्रश्न सुटत नव्हता, कारण मी पाय कुठे ठेवायचा हे शिकत होतो आणि बिघडत होतं ते पाय कधी मागे घ्यायचा, हे.

आधी बूट उलटा करून बघा

कॅमेरा वगैरे लावायची गरज नाही, बुटाचं सोल सगळं सांगतं. दाते असलेला धातूचा पेग काही महिन्यांत सोलवर आडवी रेघ पाडतो. रबराचं आवरण असलेला पेग निदान एक गुळगुळीत, चकाकणारा पट्टा तरी सोडतो. ही रेघ चवड्याच्या किंचित मागे असेल तर पाय जागेवर आहे. टाचेच्या पुढच्या खळग्यात असेल तर पाय कायम पुढे सरकलेला आहे, म्हणजे बोटं गिअर लिव्हरखाली नाहीतर ब्रेकच्या पेडलवर.

माझ्या उजव्या बुटावर एकच रेघ होती, हवी तिथे. डाव्यावर दोन होत्या: एक चवड्यापाशी फिकट, दुसरी खळग्यात चांगली खोल. शिवाय करंगळीच्या बाजूचा सोलचा कोपरा तिरका झिजून आतली शिवण दिसायला लागली होती. पाय बहुतेक वेळ कुठे असतो, याबद्दल मी स्वतःशी किती खोटं बोलत होतो ते त्या दुसऱ्या रेघेने दाखवलं. विचारलं असतंत तर मी शपथेवर सांगितलं असतं की माझा चवडा पेगवरच असतो.

डावाच पाय का

बहुतेक मोटरसायकलींवर गिअर डावीकडे असतो: पहिला खाली, बाकीचे वर. वळणाआधी आपण गिअर पाडतो, तेव्हा पाय लिव्हरच्या वर असतो. पाडून झाला की पाय आपोआप लिव्हरच्या खाली सरकतो, कारण वळण संपताना वरचा गिअर टाकायचा आहे हे डोक्यात आधीच ठरलेलं असतं. ही घाई आपल्याला जाणवतसुद्धा नाही. पाय तयारीत बसतो: टाच पेगच्या मागे उचललेली, खळगा पेगवर, बोटं पुढे आणि खाली झुकलेली, शिवाय पाऊल थोडं बाहेर फाकलेलं. गाडी डावीकडे कलली की सगळ्यात खाली कोण येतं? तीच बोटं.

यात बुटाच्या नुकसानीपेक्षा वाईट दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे, जमीन बुटाला खालून वर ढकलते तेव्हा वर लिव्हर असतो. म्हणजे ऐन वळणात आपोआप वरचा गिअर पडू शकतो, आणि नशीब वाईट असेल तर दोन गिअरच्या मधला खोटा न्यूट्रल, म्हणजे कुठलाच गिअर लागलेला नाही. दुसरं म्हणजे, जमिनीला आधी टेकायचा मान पेगचा आहे. रस्त्यावरच्या गाड्यांचे पेग बिजागरीवर वर दुमडतात. बऱ्याच पेगांच्या टोकाला खाली एक लांबुळका बोल्ट असतो, तो इशारा देण्यासाठीच. आता बस, असं तो सांगतो. बूट त्याच्या आधी टेकला तर हा इशारा खोटा ठरतो आणि पेग-जमिनीच्या मध्ये पाऊल सापडलं तर घोटा पिरगळायला वेळ लागत नाही.

दचकून रेस सोडणं तर याहून घातक. वजन पुढच्या चाकावर येतं, पुढचे फोर्क (पुढच्या चाकाचे शॉक) दबतात, आणि जी खालची जागा आधीच संपत आली होती ती आणखी कमी होते. बूट घासला तर पाय मागे घ्या, रेस आहे तिथे धरून ठेवा आणि नजर वळणाच्या शेवटाकडे न्या. हे वाचायला सोपं आहे. पहिल्या दोन-तीन वेळी जमत नाही.

शर्यतवाल्यांनी हाच प्रश्न वेगळ्या वाटेने सोडवला आहे. त्यांच्यातले बरेचजण गिअर उलटा करून घेतात, पहिला वर आणि बाकीचे खाली. डावीकडे पूर्ण कललेल्या गाडीवर लिव्हरखाली पाय घालायला जागाच उरत नाही, पण वरून दाबता येतो. रस्त्यावर याची गरज नाही. ज्या वळणात कललेल्या अवस्थेतच गिअर वाढवावा लागतो, तिथे आपण थोडं थांबू शकतो. पण इतक्या निष्णात लोकांनाही त्या जागेत पाय घालणं नको वाटतं, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

चवडा पेगवर ठेवूनही सवय का परत येते

कारण निवांत दिवशी गिअर वेळेवर पडतो आणि घाईच्या दिवशी उशिरा. निवांत असताना वळणाच्या बऱ्याच आधी ब्रेक लागतो, गिअर पडतो आणि पाय मागे घ्यायला वेळ मिळतो. घाईत, उतारावर, किंवा पुढे चाललेल्या मित्राला गाठण्याच्या नादात ब्रेक उशिरा लागतो, गिअर वळणाच्या तोंडावर पडतो, आणि तोपर्यंत गाडी कलायला लागलेली असते. मग पाय जिथे आहे तिथेच राहतो. सराव नेहमी निवांत दिवशी होतो, चूक नेहमी घाईच्या दिवशी. म्हणून वाटतं की सुटलं, आणि सुटलेलं नसतं.

त्यामुळे मी ‘चवडा, चवडा’ असं घोकणं सोडलं आणि क्रम धरला. आधी सरळ गाडीवर ब्रेक, मग गिअर, मग पाय मागे. त्यानंतर अंग सरकवायचं असेल तर ते, मग नजर आत, आणि सगळ्यात शेवटी हँडल. पाय मागे आला नाही तोवर हँडल वळवायचं नाही, एवढाच नियम. हे सगळं बसवायला आधीपेक्षा साधारण दोन सेकंद लवकर सुरुवात करावी लागते. ताशी ६० किलोमीटरला दोन सेकंद म्हणजे ३३ मीटर. एवढं आधी ब्रेक लावायला लागणं सुरुवातीला कमीपणाचं वाटतं, मग सवय होते.

वळणाच्या मध्यात गिअर पाडायची इच्छा झाली तर ती चूक तिथली नाही, मागच्या ३३ मीटरमधली आहे. त्या वळणापुरता आहे तो गिअर सांभाळून न्या.

लिव्हरची उंची

माझी सवय एकदा खरोखरच सुटली होती आणि नवे बूट घेतल्यावर परत आली. जाड टोकाचे बूट होते ते. पाय मागून पुढे नेला की लिव्हरखाली शिरायचा नाही, थोडा वाकवून घुसवावा लागायचा. म्हणून एकदा घुसवला की मी तो काढतच नसे. लिव्हर थोडा वर घेतला आणि कटकट मिटली. ज्या गाड्यांना लिव्हरपासून गिअरबॉक्सकडे जाणारी सळी असते, तिच्या दोन्ही टोकांचे लॉकनट सैल करून सळी फिरवली की उंची बदलते. बहुतेक सळ्यांच्या एका टोकाचे आटे उलटे असतात, तेव्हा नट हलत नाही म्हणून जोर लावण्याआधी दुसऱ्या दिशेने फिरवून बघा. सळी नसेल तर लिव्हर दातेरी शाफ्टवरून काढून एक दाता पुढे-मागे बसवायचा. गाडीवर नेहमीसारखं बसून, नेहमीचेच बूट घालून तपासा. चपलेवर बसवलेली उंची बुटाला चुकीची असते.

ज्या लिव्हरला मागेही टाचेसाठी पातं असतं, त्याच्यावर वेगळीच पंचाईत होते: चवडा पेगवर घ्यायला पाय मागे नेला की टाच त्या पात्यावर बसते आणि वरचा गिअर पडतो. अशा गाडीवर टाच किंचित बाहेर फिरवून चवडा ठेवावा लागतो, किंवा मधली तडजोड म्हणून पाय थोडा पुढे ठेवून बोटं वर आणि आत, इंजिनकडे वळवायची. फाकलेलं पाऊल आत वळवलं तरी अर्धं काम होतं.

उजवीकडे आवाज येत नाही, पण ब्रेक लागतो

उजव्या बाजूचा आजार मुका असतो. माझ्या एका मित्राच्या मागून मी एकदा बराच वेळ चालवत होतो. प्रत्येक उजव्या वळणात त्याचा मागचा ब्रेक लाइट लागलेला, अगदी वळण संपेपर्यंत. थांबल्यावर विचारलं तर म्हणाला, मी मागचा ब्रेक वापरतच नाही. मागच्या डिस्कजवळ हात नेला, चांगली भाजेल इतकी तापलेली. उजवीकडे कलताना त्याचं अंग आत जायचं, पाऊल पेगवर पुढे सरकायचं आणि बुटाचं वजन पेडलवर पडायचं.

कललेल्या गाडीच्या मागच्या टायरला वळायचंही काम आहे आणि ब्रेकचंही, म्हणजे ओल्या रस्त्यावर घसरायला निमित्त तयार. उपाय तोच, चवडा पेगवर. पण उजव्या पायाला एक सूट आहे: आणीबाणीत ब्रेक लागेल म्हणून गर्दीत खळगा पेगवर आणि बोटं पेडलच्या वर अधांतरी, हे ठीकच आहे. वळणाआधी मात्र पाय मागे. पेडल फार उंच असेल तर खाली घ्या, आणि खाली घेतल्यावर ब्रेक लाइटचा स्विच तपासा. त्याचं वेगळं सेटिंग असतं, आणि ते विसरलं तर दिवा कायम लागलेला राहतो किंवा लागतच नाही.

उजव्या वळणात पेडलपर्यंत पाय पोचत नाही ही अडचणही जुनी आहे. ऑस्ट्रेलियाचे मोटरसायकल शर्यतपटू मिक डुहान यांचा उजवा पाय १९९२ मध्ये नेदरलँड्समधल्या असेनच्या ट्रॅकवर फार वाईट मोडला. त्यानंतर ते हँडलवर अंगठ्याने चालणारा मागचा ब्रेक वापरू लागले, आणि १९९४ ते १९९८ सलग पाच वेळा ५०० सीसीचे जगज्जेते झाले. आज शर्यतीत पाय धडधाकट असलेलेही असा ब्रेक लावून घेतात.

पाय नीट, तरी गाडी बाहेर जाते

इथे मोह होतो अंग बाहेर काढायचा. फोटोत बघितलेलं असतं: गुडघा जमिनीला, कोपर जमिनीला. आधी हिशेब बघा. ३० मीटर त्रिज्येचं वळण ताशी ४० किलोमीटरने घेतलं तर गाडी-स्वार मिळून सुमारे २३ अंश कलावं लागतं. ५० ने घेतलं तर ३३, ६० ने घेतलं तर ४३. टायर रुंद असतो म्हणून प्रत्यक्षात गाडी याहून थोडी जास्तच कलते. म्हणजे वेगातले दहा किलोमीटर तुम्हाला दहा अंश देतात किंवा घेतात.

आता अंग सरकवून काय मिळतं? स्वार ७५ किलोचा, गाडी १५० किलोची धरा. स्वाराने आपल्या अंगाचा मध्य १० सेंटिमीटर आत नेला तर दोघांचा मिळून गुरुत्वमध्य जेमतेम सव्वातीन सेंटिमीटर सरकतो. तो जमिनीपासून ६५ सेंटिमीटरवर आहे असं धरलं तर गाडी सुमारे तीन अंश कमी कलते. तीन अंश काही वाईट नाहीत, पेग वाचतो. पण ज्याला दहा अंशांची अडचण आहे त्याने तीन अंशांची कसरत करण्यात अर्थ नाही. वेग कमी करा.

रस्त्यावर मी एवढंच करतो: वळणाआधी बूड अर्धं आत सरकवतो, हनुवटी आतल्या आरशाच्या दिशेने नेतो, आतलं कोपर वाकवून ढिलं सोडतो, बाहेरची मांडी टाकीला टेकवतो. बस. आणि मध्यरेषा आतल्या बाजूला असेल अशा वळणात तेवढंही जपून, कारण चाकं आपल्या बाजूला असली तरी डोकं समोरच्याच्या बाजूला गेलेलं असतं.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक मात्र वेगळी. बूड आत, डोकं बाहेर. माणूस सीटवरून चांगला हातभर सरकलेला असतो, पण छाती टाकीभोवती फिरून उलट बाजूला गेलेली आणि मान सरळ. मेहनत पुरेपूर, आणि डोकं-खांदे बाहेर राहिल्याने मिळकत शून्य, कधी उणेच. टाकीला अगदी चिकटून बसलं की असं होतं. मध्ये मूठभर जागा सोडली की कंबर फिरत नाही, सरळ सरकते. डोकं-खांदे आत आणि बूड जागच्या जागी, हेसुद्धा या उलट्या आसनापेक्षा बरं.

बाहेरच्या पेगवर वजन द्या म्हणजे काय

हा सल्ला बरोबर आहे, दिलं जाणारं कारण चुकीचं. म्हणतात की पेगवर वजन दिलं की गुरुत्वमध्य खाली येतो आणि पकड वाढते. तुम्ही वजन सीटवर द्या नाहीतर पेगवर, शरीर आहे तिथेच असेल तर गुरुत्वमध्य तिथेच राहतो, आणि टायरवर तुमचे ७५ किलो ७५च येतात.

खरा फायदा हाताला होतो. बाहेरच्या पायाने पेग दाबून मांडी टाकीला रोवली की अंग पायावर तोललं जातं आणि हँडलला लटकावं लागत नाही. आतला पाय मग हलका राहतो, त्याला मागे घेणं सोपं जातं. ज्याचं सगळं वजन आतल्या पायावर आहे त्याचा तो पाय हलतच नाही; बूट घासायचं हेही एक कारण. आणि हँडलला लटकलेला माणूस नकळत बाहेरचा हात ओढतो किंवा दाबतो, गाडी बाहेर जाते, दोष टायरला मिळतो.

वळवतं हँडलच. डावीकडे जायचं तर डावं हँडल पुढे ढकलायचं. अमेरिकेतले रायडिंग शिक्षक कीथ कोड यांनी एका गाडीला चेसीशी घट्ट जोडलेलं, न फिरणारं दुसरं हँडल बसवलं, त्याला रेसची मूठही दिली. ते धरून नुसतं अंग आणि पेग वापरून गाडी वळवायची. गाडी थोडी डुलते, थोडी सरकते, पण हवं त्या जागी नेमकं वळण घेता येत नाही. म्हणून तुमचा बाहेरचा पाय कितीही दाबला तरी तो गाडी वळवण्यासाठी नाही, हात मोकळे ठेवण्यासाठी आहे. खात्री करायची असेल तर लांब, सौम्य वळणात दोन्ही कोपरं पंखासारखी हलकी हलवून बघा. हलली नाहीत, किंवा हलवताना गाडी डगमगली, तर तुम्ही हँडलला लटकलेले आहात.

सराव

पहिला भाग उभ्या गाडीवर, मधल्या स्टँडवर आणि इंजिन बंद करून. डोळे मिटून: चवडा मागे, पाय पुढे, लिव्हरला स्पर्श, पुन्हा मागे. लिव्हर दाबायचा नाही, नुसतं शोधायचा. न बघता पाय लिव्हर शोधतो ही खात्री झाली की लिव्हरखाली दबा धरून बसायची त्याची सवय कमी होते.

दुसरा भाग मोकळ्या, स्वच्छ, कोरड्या मैदानावर. १० मीटर त्रिज्येचं वर्तुळ आखा. ताशी २० ला गाडी सुमारे १७-१८ अंश कलते, २५ ला २६. याच्या वर जायची गरज नाही. वर्तुळात शिरण्याआधी प्रत्येक वेळी सरळ पट्ट्यात एक गिअर पाडा आणि पाय मागे आला की मोठ्याने ‘पाय’ म्हणा. हेल्मेटमध्ये कुणी ऐकत नाही. गाडी कलल्यावर ‘पाय’ म्हटलं गेलं तर ती फेरी फुकट. माझ्या सुरुवातीच्या दहा डाव्या फेऱ्यांतल्या सहा फुकट गेल्या.

चूक तुमची नसेल तेव्हा

चवडा जागेवर, वेग बेताचा, तरी काहीतरी घासतं तर गाडीकडे बघा. मागच्या टायरमध्ये हवा कमी, स्टँडची स्प्रिंग सैल होऊन स्टँड खाली लोंबलेला, किंवा मागचं सस्पेन्शन दबलेलं. ४५ अंशाला सस्पेन्शनवर सरळ चालीच्या सुमारे १.४ पट भार येतो, मागे माणूस बसला असेल तर आणखी. प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला ताण) एकट्यासाठी सेट केलेला असेल तर खालची जागा तिथेच संपते. क्रूझरवर पेग पुढे आणि खाली असतात, तिथे चवडा-बिवडा काही चालत नाही. घासला की वेग जास्त आहे एवढाच त्याचा अर्थ. स्कूटरवर पाय फक्त फळीच्या आत ठेवा. आणि मातीच्या रस्त्यावर हे सगळं विसरा: तिथे गाडी कलते आणि अंग वर, सरळ राहतं, आतला पाय पुढे निघतो. तो सराव डांबरावर आणला की बूट घासणारच.

परवा बूट पुन्हा उलटे करून पाहिले. उजवा जसा होता तसा. डाव्यावर चवड्यापाशी आता खोल रेघ आहे, पण खळग्यातली दुसरीही पूर्ण गेलेली नाही, फिकट दिसते.